अध्यक्ष कोणी निवडावा?

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत तात्यापारा येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



व्याख्यानमालेत बोलण्यासाठी मंडळाने आम्हास पाचारण केले, तेव्हा प्रथम संकोच वाटला. आम्ही पंडित नव्हे. बी.ए.ची पदवी घेऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलेला आणि त्या सेवेतच केस पिकवलेला एक साधा अधिकारी. सेवानियमांची मर्यादा अशी की, कोणत्याही पक्षाची बाजू घेऊन आम्हास बोलता येणार नाही. आणि खरे सांगावयाचे तर बोलण्याची इच्छाही नाही. तथापि ज्या विषयाची आपल्या मंडळात गेले वर्षभर कुजबुज चालली आहे, तो विषय पक्षांच्या पलीकडचा आहे. मंडळाचा अध्यक्ष कार्यकारिणीने निवडावा की सर्व सभासदांनी थेट मतदान करून निवडावा, हा तो विषय. घटनादुरुस्ती समितीचा अहवाल लवकरच सर्वसाधारण सभेपुढे यावयाचा आहे. तात्यापारा आणि बुढापारा येथील जुन्या घरांतील मंडळी एक म्हणतात. शंकरनगर, देवेंद्रनगर, सुंदरनगर या नव्या वस्त्यांतील तरुण सभासद दुसरे म्हणतात. सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी या प्रश्नावरून दोन तट पडू नयेत, एवढ्याच हेतूने आम्ही आज थोडे दूरवरून, म्हणजे दिल्लीहून, या प्रश्नाकडे येणार आहोत.

आपल्या देशाचा राष्ट्रपती आपण निवडत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ५४ प्रमाणे संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निर्वाचित सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निर्वाचित सदस्य मिळून एक निर्वाचकगण होतो, आणि तो राष्ट्रपतीची निवड करतो. १९९२ च्या सत्तराव्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरी येथील विधानसभांनाही त्यात स्थान मिळाले. नामनियुक्त सदस्यांस मत नाही. विधान परिषदेच्या सदस्यांसही नाही.

हे असे का ठरले? संविधान सभेत हा प्रश्न निर्विवाद नव्हता. प्राध्यापक के. टी. शहा यांनी १९४८ च्या डिसेंबरात आग्रह धरला की, राष्ट्राचा प्रमुख प्रौढ मतदानाने सर्व जनतेने निवडावा. त्यांस उत्तर दिले ते आपल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते. पहिली गोष्ट, मतदारांची संख्या इतकी प्रचंड आहे की एका पदासाठी एवढी निवडणूक घेणे दुर्घट. दुसरी, तेवढी शासकीय यंत्रणा आणावयाची कोठून? तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की, राष्ट्रपती हा नामधारी प्रमुख आहे. खरी कार्यकारी सत्ता पंतप्रधान आणि मंत्रिमंडळ यांच्या हाती आहे. मग त्याच्यासाठी सगळ्या देशाचे मत घेण्याचे प्रयोजन काय? त्यापूर्वी जुलै १९४७ मध्ये पंडित नेहरूंनीही याच आशयाचे सांगितले होते की, राष्ट्रपती सर्व जनतेने निवडावयाचा आणि त्यास खरा अधिकार द्यावयाचा नाही, हे विसंगत होईल.

पुढे १९५२ साली पहिली राष्ट्रपती निवडणूक झाली, तेव्हा डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्याविरुद्ध उभे राहिले ते हेच के. टी. शहा. जी पद्धत त्यांस मान्य नव्हती, तिच्यातच त्यांनी उमेदवारी केली आणि राजेंद्रबाबूंच्या ५,०७,४०० मतमूल्यापुढे त्यांस ९२,८२७ मिळाले. हरलेल्या मतासाठी माणूस किती सभ्यपणे उभा राहू शकतो, याचे हे उदाहरण आम्हास नेहमीच आदरणीय वाटत आले आहे.

आता या निर्वाचकगणाची घडण पाहू, कारण आपल्या वादाचे बीज तेथेच आहे. प्रत्येक आमदाराच्या मताचे मूल्य सारखे नसते. राज्याच्या लोकसंख्येस निर्वाचित आमदारांच्या संख्येने भागावयाचे आणि पुन्हा एक हजाराने भागावयाचे. येईल ते एका मताचे मूल्य. लोकसंख्या मात्र १९७१ च्या जनगणनेची धरतात. ज्या राज्यांनी कुटुंबनियोजन मनावर घेतले त्यांचे वजन घटू नये म्हणून हा आकडा तेथेच गोठवला गेला. या हिशेबाने आपल्या छत्तीसगढच्या एका आमदाराचे मत १२९ मूल्याचे, आणि ९० आमदारांचे मिळून ११,६१०. महाराष्ट्राच्या एका आमदाराचे मत १७५, आणि २८८ जणांचे मिळून ५०,४००. उत्तर प्रदेशाचे २०८, सिक्कीमचे अवघे ७. सर्व राज्यांच्या मतांची बेरीज आणि संसदेच्या मतांची बेरीज जवळजवळ समान राहावी म्हणून खासदारांच्या मताचे मूल्य त्या मानाने ठरते. २०२२ साली ते ७०० होते. सारांश, लहान राज्यास जागा आहे, मोठ्यास वजन आहे, आणि राज्ये व केंद्र यांचा तराजू सम आहे.

मतदानही साधे नाही. मतदार पसंतीक्रम लिहितो : पहिला कोण, दुसरा कोण, तिसरा कोण. पहिल्या पसंतीत कोणासही निम्म्याहून अधिक मूल्य मिळाले नाही, तर सर्वांत मागे पडलेल्या उमेदवारास बाद करून त्याच्या मतपत्रिका दुसऱ्या पसंतीप्रमाणे इतरांना वाटतात. मतदान गुप्त असते आणि पक्षाचा आदेश बंधनकारक नसतो.

या पद्धतीची खरी कसोटी लागली १९६९ साली, आणि त्या कथेत आपल्या प्रांताचे दोन धागे आहेत. ३ मे १९६९ रोजी डॉ. झाकिर हुसेन यांचे निधन झाले. उपराष्ट्रपती वराहगिरी वेंकटगिरी यांनी प्रथम कार्यभार घेतला. परंतु स्वतः निवडणुकीस उभे राहावयाचे ठरवून २० जुलै रोजी राजीनामा दिला. तेव्हा राष्ट्रपतिपदाची धुरा सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महंमद हिदायतुल्ला यांच्याकडे आली. हे हिदायतुल्ला आपल्याच रायपूरच्या शासकीय हायस्कुलात शिकून नागपूरच्या मॉरिस कॉलेजात गेलेले. आज त्यांच्या नावाचे विधी विद्यापीठ आपल्या नव्या रायपुरात उभे आहे. रायपूरच्या शाळेत शिकलेला विद्यार्थी पस्तीस दिवस राष्ट्रपती होता, हे आपल्या मुलांस सांगण्याजोगे आहे.

दुसरा धागा उमेदवारांत होता. काँग्रेसचे अधिकृत उमेदवार नीलम संजीव रेड्डी, त्यांच्याविरुद्ध गिरी, आणि तिसरे आपले चिंतामणराव देशमुख. रायगडाच्या पायथ्याजवळील नाते गावी जन्मलेले, आय.सी.एस. होऊन मध्य प्रांत व वऱ्हाडच्या, म्हणजे ज्या प्रांतात तेव्हा आपले रायपूर होते त्याच प्रांताच्या सेवेत रुजू झालेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, आणि मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली अर्थमंत्रिपदाचा त्याग केलेले. जनसंघ आणि स्वतंत्र पक्ष यांनी त्यांस पाठिंबा दिला. आमच्या वडिलांच्या पिढीतील मराठी माणसाच्या मनात त्यांच्याविषयी जी भावना होती, ती येथे बसलेल्या ज्येष्ठांना ठाऊक आहे. थेट मतदान असते तर चिंतामणराव निवडून आले असते, असे वडील घरी ठासून सांगत. आम्हास मोठेपणी ते पटले नाही. नागपूर ते रत्नागिरी त्यांस मते पडली असती. पाटणा आणि मद्रास येथे त्यांस कोण ओळखत होते?

निकाल असा लागला. पहिल्या पसंतीत गिरी ४,०१,५१५, रेड्डी ३,१३,५४८, देशमुख १,१२,७६९. विजयासाठी हवे होते ४,१८,१६९. गिरी सर्वांत पुढे, पण कोट्याच्या आत. मग मागच्या उमेदवारांस एकामागून एक बाद करून दुसऱ्या पसंतीची मते मोजावी लागली. त्यांत रेड्डी यांस ९१,८७९ मिळाली आणि गिरी यांस अवघी १८,५६२. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले आणि रेड्डी ४,०५,४२७ वर थांबले. कोट्यापेक्षा गिरींचे अधिक्य दोन हजारही नव्हते. अटीतटीचा निकाल, परंतु बाद झालेल्या उमेदवारांच्या मतदारांची दुसरी इच्छाही मोजली गेली. चिंतामणराव हरले, पण त्यांस मत देणाऱ्याचे मत वाया गेले नाही. ही गोष्ट आपण ध्यानात ठेवावी. शेवटी तिच्याकडे यावयाचे आहे.

आणखी एका मराठी माणसाचे स्मरण करावयास हवे. नागपूरचे डॉ. नारायण भास्कर खरे, मध्य प्रांताचे एके काळचे मुख्यमंत्री, ज्यांच्यानंतर ते पद आपल्या रायपूरचे पंडित रविशंकर शुक्ल यांच्याकडे गेले. १९५७ साली डॉ. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचा आक्षेप असा की, हिमालयाकडील काही मतदारसंघांतील निवडणुका अद्याप व्हावयाच्या आहेत. निर्वाचकगण अपुरा असताना राष्ट्रपतीची निवड कशी होऊ शकते? अर्ज फेटाळला गेला. पुढे १९६१ साली अकराव्या घटनादुरुस्तीने स्पष्टच झाले की, निर्वाचकगणातील काही जागा रिकाम्या असल्या तरी त्या कारणास्तव निवड रद्द होणार नाही. कायद्याने खरे हरले. परंतु ज्याचे मत अद्याप पेटीत पडलेच नाही त्याची आठवण ठेवणारा कोणी तरी असावा, हा त्यांचा आक्षेप आम्हास मनातून बरोबर वाटतो.

आता जगाकडे क्षणभर पाहू. आपणांपैकी कित्येकांची मुले अमेरिकेत आहेत. तेथेही निर्वाचकगणच अध्यक्ष निवडतो : एकूण ५३८ निर्वाचक, जिंकण्यास २७० हवेत. मेन आणि नेब्रास्का सोडल्यास ज्या राज्यात जो एका मताने पुढे, त्यास त्या राज्याचे सर्व निर्वाचक. परिणामी २००० साली आणि पुन्हा २०१६ साली देशभर अधिक मते मिळवणारा उमेदवार हरला. तेथील अध्यक्षाच्या हाती खरी सत्ता असते, म्हणून तेथे हा सल कायम आहे. फ्रान्समध्ये १९५८ साली राष्ट्राध्यक्ष सुमारे ऐंशी हजार निर्वाचकांनी निवडला. १९६२ साली सार्वमत घेऊन पद्धत बदलली आणि १९६५ पासून जनताच थेट निवड करू लागली. कारण तेथे राष्ट्राध्यक्ष नामधारी राहिलाच नव्हता. यांतून बाबासाहेबांचे सूत्रच सिद्ध होते : पदाच्या अधिकाराप्रमाणे निवडीची पद्धत असावी. ज्याने तंटा मिटवावयाचा, ज्याने सर्वांच्या वर बसावयाचे, त्यास प्रतिनिधींनी एकमताच्या जवळ जाऊन निवडावे. ज्याने कारभार हाकावयाचा, त्यास ज्यांचा कारभार त्यांनी निवडावे.

मराठी माणसाच्या भावनेस या पद्धतीने न्यायही दिला आहे. जळगाव जिल्ह्यातील नाडगावच्या प्रतिभाताई पाटील २००७ साली राष्ट्रपती झाल्या; त्या पहिल्या महिला राष्ट्रपती आणि महाराष्ट्राच्या पहिल्या. त्या वेळी विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने मराठीपणाच्या नात्याने त्यांस मते दिली. प्रतिनिधीसही मन असते, आणि गुप्त मतपत्रिकेत ते उमटते, हे त्यातून दिसले.

घराजवळचे उदाहरण तर आपण सर्वांनी पाहिले आहे. आपल्या महानगरपालिकेचा महापौर अनेक वर्षे नागरिक थेट निवडत होते. २०१९ साली कायदा बदलला आणि जानेवारी २०२० मध्ये ७० प्रभागांच्या पार्षदांनी महापौर निवडला. पुन्हा कायदा फिरला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये आपण सर्वांनी थेट मत दिले. महाराष्ट्रातही सरपंचाची थेट निवड २०१७ मध्ये आली, २०२० मध्ये गेली आणि २०२२ मध्ये परत आली. ज्याच्या हाती सत्ता येते तो आपल्या सोयीची पद्धत आणतो, असा समज लोकांत पसरला आहे, आणि तो पसरावा यासारखे दुर्दैव नाही. पद्धत वारंवार बदलणे हे चुकीच्या पद्धतीपेक्षाही वाईट. म्हणून आपल्या मंडळाने जे ठरवावयाचे ते एकदाच, शांतपणे आणि पुढील पन्नास वर्षांसाठी ठरवावे.

येथे एक कबुली द्यावयाची आहे. ती दिल्यावाचून पुढे बोलण्याचा अधिकार आम्हास नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी आम्ही एका दूरच्या शहरात बदलीवर होतो. शहराचे आणि मंडळाचे नाव सांगत नाही. तेथील मराठी मंडळाच्या पंधरा जणांच्या कार्यकारिणीत आम्ही होतो आणि अध्यक्ष कार्यकारिणीच निवडत असे. त्या वर्षी दोन नावे पुढे आली. एक होत्या निवृत्त शिक्षिका. गणेशोत्सवात मुलांची नाटके बसवणाऱ्या, परगावाहून नव्याने आलेल्या प्रत्येक मराठी कुटुंबाच्या घरी पहिल्या आठवड्यात स्वतः जाणाऱ्या. आम्ही त्या शहरात उतरलो तेव्हा गॅसची शेगडी मिळेपर्यंत चार दिवस त्यांच्याच घरून डबा येत होता. दुसरे एक प्रतिष्ठित गृहस्थ. त्यांच्यामुळे सभागृहाच्या जागेचे काम होईल, असा सर्वांचा कयास होता. बंद खोलीत हात वर झाले. आठ विरुद्ध सात. आठवा हात आमचा होता, आणि तो बाईंसाठी नव्हता.

सभासदांच्या मनात कोण होते, हे आम्हास पक्के ठाऊक होते. बाई काही बोलल्या नाहीत. आमच्या मुलीला त्यांनी नेहमीसारखी हाक मारली. पण पुढच्या गणेशोत्सवास त्या आल्या नाहीत, त्यापुढच्यासही नाही. मुलांचे नाटक त्या वर्षी झाले नाही. सभागृहाच्या जागेचे कामही झाले नाही. परंतु ते झाले असते तरी आमच्या मनातील खंत मिटली असती असे वाटत नाही. सात-आठ माणसांच्या खोलीत हिशेब फार लवकर होतो. ज्याचे मीठ खाल्ले त्याचे विस्मरणही त्या खोलीत लवकर होते.

आता आपल्या प्रश्नाकडे येऊ. बाबासाहेबांची तीन कारणे आपल्या मंडळास लावून पाहावी. मतदारसंख्या अवाढव्य आहे काय? आपले आजीव सभासद काही शेकड्यांत मोजता येतात. यंत्रणा हवी काय? आम्ही निवडणुकीत सूक्ष्म निरीक्षक म्हणून जंगलभागातील मतदान केंद्रांवर गेलो आहोत. एका केंद्रासाठी किती माणसे, किती वाहने आणि किती रात्री लागतात ते डोळ्यांनी पाहिले आहे. आपल्याला मात्र एक रविवार, एक टेबल आणि दोन प्रामाणिक माणसे पुरतील. आणि आपला अध्यक्ष नामधारी आहे काय? तो धनादेशावर सही करतो, सभागृह कोणास द्यावयाचे ते ठरवतो, शिष्यवृत्तीची यादी मंजूर करतो. हा अधिकार नामधारी नव्हे. म्हणजे बाबासाहेबांच्याच कसोटीने आपला निष्कर्ष दिल्लीच्या उलट निघतो. राष्ट्रपती निर्वाचकगणाने निवडावा, आणि मंडळाचा अध्यक्ष सर्व सभासदांनी.

तथापि तात्यापाऱ्याच्या ज्येष्ठांची भीती खोटी नाही. ज्यांनी हे मंडळ एका भाड्याच्या खोलीत सतरंजी अंथरून सुरू केले, त्यांची घरे आज थोडी उरली आहेत. मुले पुण्याला, बंगळूरला, परदेशी गेली. नव्या वस्त्यांत सभासद अधिक. केवळ डोकी मोजली तर जुन्या वस्तीचा आवाज बुडेल, असे त्यांस वाटते. सिक्कीमच्या सात मूल्याच्या मताची आठवण येथे होते. यावर आमची सूचना दोन प्रकारची आहे. एक, अध्यक्षाची निवड थेट असावी, पण मतपत्रिकेवर पसंतीक्रम लिहावयाचा. एका वस्तीच्या बळावर कोणी निम्म्यापलीकडे जाऊ शकणार नाही. प्रत्येकास दुसऱ्या वस्तीच्या दुसऱ्या पसंतीसाठी त्यांच्या दारी जावे लागेल. १९६९ च्या मोजणीचा आपल्यासाठी हाच उपयोग आहे. दोन, कार्यकारिणीत प्रत्येक वस्तीस किमान एक जागा राखून ठेवावी, म्हणजे कारभाराच्या खोलीत तात्यापारा कधी अनुपस्थित राहणार नाही. आणि डॉ. खरे यांचा आक्षेप ध्यानात धरून, आजारी व परगावी असलेल्या सभासदांस टपालाने मत देण्याची सोय असावी.

अध्यक्ष एका विचाराचा आणि कार्यकारिणी दुसऱ्या विचाराची आली तर? थेट निवडीत ही अडचण येते, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यासाठी नियमात एवढेच असावे की, दोन्हींत मतभेद झाल्यास एका महिन्यात सर्वसाधारण सभा बोलवावी आणि तिचा निर्णय अंतिम मानावा. ज्याने निवडले त्याच्याकडेच परत जावयाचे. बंद खोलीकडे नव्हे.

आम्ही बोललो ते सर्वांस पटेलच असे नाही. पटले नाही तर सर्वसाधारण सभेत उभे राहून अवश्य सांगावे, के. टी. शहांप्रमाणे हरलेल्या मतानेही उभे राहावे. आमची विनंती एवढीच की, निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशी ज्याच्या बाजूने मते कमी पडली त्याच्या घरी इतरांनी चहास जावे. त्या दूरच्या शहरात आम्ही गेलो नाही. निवृत्तीनंतर एकदा तेथे जाऊन त्या बाईंची भेट घ्यावी, असे मनात आहे. त्या असतील अशी आशा करू या.